राणीचे मौन

पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई ज्याला हुंड्यात मिळाली, तो इंग्लंडचा दुसरा चार्ल्स आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. १६६८ साली त्याने ती वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली, हेही ठाऊक आहे. त्याच्या धाकट्या भावाची मुलगी ॲन मात्र आपल्या वाचनात फारशी येत नाही. ६ फेब्रुवारी १६६५ रोजी जन्मलेल्या या बाईने १७०२ ते १७१४ अशी बारा वर्षे राज्य केले. तिच्या काळात इंग्लंड आणि स्कॉटलंड एक झाले, मार्लबरोने फ्रान्सची रग जिरवली. पण मला तिच्याविषयी कुतूहल वाटते ते दुसऱ्याच कारणासाठी. तिच्या अखेरच्या चार वर्षांत गादीवरची बहीण आणि परागंदा सावत्र भाऊ यांच्यात गुप्त बोलणी चालली होती. बोलणी तिच्या नावाने चालत. तिचे स्वतःचे म्हणणे मात्र आजही कागदावर सापडत नाही.

मूळ भांडण धर्माचे. ॲनचे वडील जेम्स कॅथलिक झाले. चार्ल्सने पुतण्यांना, मेरीला आणि ॲनला, मुद्दाम प्रॉटेस्टंट वळणात वाढवले. १६८५ मध्ये जेम्स राजा झाला आणि १० जून १६८८ रोजी त्याच्या दुसऱ्या, कॅथलिक राणीला मुलगा झाला. म्हणजे आता कॅथलिक राजांची परंपराच सुरू होणार. लगेच गावभर बोलबाला झाला की मूल राणीचे नव्हेच, अंथरूण शेकायच्या निखाऱ्याच्या भांड्यातून कुणाचे तरी आणून ठेवले! बाळंतपणाच्या वेळी ॲन तिथे नव्हती, ती हवापालटासाठी बाथला गेली होती. तरीही हॉलंडमधल्या थोरल्या बहिणीला तिने पत्रे लिहिली आणि त्यांत हा संशय चांगला शेकून घेतला. नोव्हेंबरात मेरीचा नवरा विल्यम, जो या बहिणींचा आतेभाऊही होता, सैन्य घेऊन उतरला. ॲन एका रात्री मागच्या जिन्याने वाड्यातून निसटली. राजा लंडनला परतला तेव्हा मुलगी गेलेली होती. महिन्याभरात तोही फ्रान्सला पळाला. चौदाव्या लुईने त्याला पॅरिसजवळ सँ-जर्मेनचा राजवाडा राहायला दिला.

ॲनने बापाला सोडले ते धर्मासाठी की गादीसाठी, या प्रश्नात मी पडत नाही. माणसाला दोन्ही कारणे एकदम असू शकतात. डिसेंबर १६९१ मध्ये तिने वडिलांना पश्चात्तापाचे पत्र पाठवले. तेव्हा तिचे मेरीशी बिनसले होते आणि तिच्या मैत्रिणीचा, सारा चर्चिलचा, नवरा मार्लबरो सँ-जर्मेनशी गुपचूप संधान बांधत होता. त्यामुळे त्या पत्रात मन किती आणि हिशेब किती, हे सांगणे कठीण. १६९४ मध्ये मेरी देवीने गेली.

ॲनचे स्वतःचे दुःख मोठे होते. सतरा वेळा दिवस राहिले. त्यातला एकच मुलगा जरा मोठा झाला, तोही जुलै १७०० मध्ये अकराव्या वर्षी गेला. पुढच्याच वर्षी पार्लमेंटने कायदा केला की ॲननंतर गादी हॅनोव्हरच्या सोफियाकडे जाईल. सोफिया ही जेम्सची आतेबहीण, म्हणजे ॲनची नात्याने आत्याच. पन्नासहून अधिक जवळचे वारस कॅथलिक म्हणून बाजूला सारून ही आत्या निवडली होती. त्याच वर्षी सँ-जर्मेनला बाप वारला आणि लुईने तेरा वर्षांच्या मुलाला इंग्लंडचा राजा तिसरा जेम्स म्हणून मान्यता दिली. विधवा झालेल्या सावत्र आईने ॲनला कळवले की मरताना वडिलांनी तुला क्षमा केली आहे.

१७०२ मध्ये विल्यमही गेला आणि ॲन राणी झाली. गाऊटने पाय इतके धरले होते की राज्याभिषेकाला तिला खुर्चीतून न्यावे लागले. १७०८ साली भाऊ फ्रेंच आरमार घेऊन स्कॉटलंडच्या किनाऱ्यापर्यंत आला आणि उतरता न येता परत गेला. त्यानंतर पार्लमेंटपुढच्या भाषणात तिने त्याच्यासाठी जो शब्द वापरला त्याचा अर्थ हक्क सांगणारा; पण कानाला तो तोतया असाच लागे. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया पाहिलेल्या आपल्या लोकांना त्या शब्दातले विष सांगायला नको.

१७१० मध्ये लढाईला कंटाळलेल्या राणीने मंत्रिमंडळ बदलले. रॉबर्ट हार्ली आणि हेन्री सेंट जॉन हे दोघे वर आले. पुढे एक ऑक्सफर्डचा अर्ल आणि दुसरा व्हायकाउंट बोलिंगब्रोक झाला. फ्रान्सशी तह करायचा, पण दोस्तांना कळू न देता. त्यासाठी त्यांनी लंडनमध्ये राहणारा गोतिए नावाचा एक फ्रेंच धर्मगुरू हाताशी धरला. जानेवारी १७११ मध्ये तो लुईचा परराष्ट्रमंत्री तोर्सी याच्याकडे पोचला. तहाच्या पिशवीत दुसरीही पुडी होती. जेम्सचा अनौरस थोरला भाऊ ड्यूक ऑफ बेरिक याला गोतिएने सांगितले की ॲन हयातभर राणी राहील आणि लोकांचा धर्म व हक्क सांभाळले जातील, एवढे मान्य असेल तर तिच्यामागे जेम्सला आणण्याची हार्लीची तयारी आहे. हा बेरिक मार्लबरोच्या बहिणीचा मुलगा आणि ॲनचाही सावत्र भाऊ. भांडण एका घरातलेच होते.

हार्ली मनापासून बोलत होता का? मला वाटत नाही. पार्लमेंटात जेम्सच्या बाजूचे सभासद होते, तहासाठी त्यांची मते हवी होती. आशेवर ठेवलेला माणूस निमूटपणे मत देतो.

मे १७११ मध्ये जेम्सने बहिणीला स्वतः पत्र लिहिले, पुढच्या वर्षी आणखी एक. तिच्या हातचे उत्तर सापडलेले नाही. मी बँकेत आयुष्य काढले, म्हणून मला याचे नवल वाटत नाही. कर्ज असल्याचे मुदतीच्या आत लेखी कबूल केले की मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. म्हणून मुरलेला कर्जदार आमच्या पत्राला उत्तरच देत नसे. ॲनने भाऊ असा मायना घातला असता तरी १६८८ चा संशय खोटा ठरला असता, आणि तिच्या मुकुटाचा अर्धा पाया त्याच संशयावर होता. गप्प राहिल्याने दोन्ही पक्षांना ती आपलीच वाटत राहिली.

एप्रिल १७१३ मध्ये युट्रेक्टचा तह झाला. लुईने ॲनला आणि हॅनोव्हरच्या वारशाला मान्यता दिली. जेम्सला फ्रान्स सोडून लोरेनमध्ये बार-ल-द्युकला जावे लागले. त्या नाताळात राणी विंडसरला अत्यवस्थ झाली आणि जानेवारी १७१४ मध्ये बँक ऑफ इंग्लंडवर पैसे काढायला झुंबड उडाली. ही बँकच मुळी १६९४ मध्ये विल्यमच्या सरकारला १२ लाख पौंड ८ टक्के व्याजाने देण्यासाठी निघाली होती. स्टुअर्ट परत आले तर ते आपल्या शत्रूंनी काढलेले कर्ज कशाला फेडतील? १७११ मध्येच ॲडिसनने स्पेक्टेटरमध्ये एक स्वप्न लिहिले होते. त्यात एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात स्पंज घेतलेला तरुण येतो. स्पंज अर्थातच कर्ज पुसायला. वारसाचा प्रश्न देवळापुरता राहिला नव्हता, तो लोकांच्या पेटीत शिरला होता.

आता घाई झाली. फेब्रुवारीत दोन्ही मंत्र्यांकडून निरोप गेला की धर्म बदला, निदान बदलल्यासारखे दाखवा. मार्चमध्ये जेम्सचे उत्तर आले. दुसऱ्यांच्या धर्माला हात लावणार नाही, पण स्वतःचा सोडणार नाही. पंचविशीतल्या त्या मुलाच्या हाती तीन मुकुट जवळजवळ आले होते आणि नुसते तोंडदेखले हो पुरले असते. तो खोटे बोलला नाही. या सगळ्या प्रकरणात सरळ बोललेला मला तो एकटाच दिसतो, आणि बोलणी तिथेच संपली.

उन्हाळ्यात ॲन दोन्हीकडे सारखीच कठोर झाली. सोफियाच्या नातवाने इंग्लंडला येऊन बसावे, ही सूचना तिला मुळीच सहन झाली नाही. तिने हॅनोव्हरला खरमरीत पत्रे पाठवली. ती पोचल्यावर थोड्याच दिवसांत म्हातारी सोफिया बागेत फिरताना कोसळून गेली. जूनमध्ये ॲनने जाहीरनामा काढला की भाऊ किनाऱ्यावर उतरला तर त्याला पकडणाऱ्याला ५००० पौंड इनाम. कॉमन्सने ती रक्कम एक लाखावर नेली. २७ जुलैला तिने हार्लीला काढले. सूत्रे आपल्या हाती येणार असे बोलिंगब्रोकला वाटत होते, पण ३० तारखेला मरणपंथाला लागलेल्या राणीने खजिनदाराचा पांढरा दंड श्रूझबरीच्या हाती दिला. तो हॅनोव्हरच्या बाजूचा. १ ऑगस्ट १७१४ रोजी सकाळी केन्सिंग्टनला तिने प्राण सोडला. तेव्हा ती ४९ वर्षांची होती.

तिच्यापाशी एक मोहोरबंद पुडके असे, आपल्यामागे ते न उघडता जाळावे अशी तिची आज्ञा होती, आणि कारभाऱ्यांनी ती पाळली, असे सांगतात. आत भावाची पत्रे होती, असा तेव्हा समज होता.

बातमी कळताच जेम्स पॅरिसकडे धावला. तोर्सीने त्याला परत लोरेनला पाठवले. ऑगस्टच्या अखेरीस प्लाँबिएरहून त्याने जाहीरनामा काढला आणि त्यात आपल्या दिवंगत बहिणीचा आपल्याविषयीचा हेतू चांगला होता, असे जगाला सांगितले. तो कागद लंडनला पोचला तेव्हा सोफियाचा मुलगा जॉर्ज राजा झालेला होता. हार्लीची पुढे टॉवरमध्ये दोन वर्षे गेली. बोलिंगब्रोक फ्रान्सला पळाला आणि काही महिने त्याच जेम्सचा मंत्री झाला.