महर्षि धोंडो केशव कर्वे

महर्षि कर्वे ह्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली ह्या गावी, आजोळी झाला. घर मुरूडचे, स्थिती बेताची. १८७५ साली सहाव्या इयत्तेची परीक्षा देण्यासाठी ते मुरूडहून साताऱ्यास पायी गेले. सुमारे ११० मैलांची वाट आणि मध्ये कुंभार्लीचा घाट! परीक्षेस १७ वर्षांचे वय अवश्य होते. धोंडोपंत अंगाने लहानखुरे. परीक्षक मंडळींनी त्यांस पाहिले आणि वय भरत नाही असे ठरवून परत पाठविले. पुढे १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन ते बी. ए. झाले व १८९१ पासून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले.

त्याच वर्षी त्यांच्या प्रथम पत्नी राधाबाई वारल्या. १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील विद्यार्थिनी गोदूबाई ह्या विधवेशी विवाह केला. मुरूडकरांनी बहिष्कार घातला. १८९६ मध्ये त्यांनी पुण्यास विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे तो शहराबाहेर हिंगणे येथे एका झोपडीत गेला. दिवसभर कॉलेजात शिकवावे आणि सायंकाळी काही मैल चालत हिंगण्यास जाऊन मुलींस शिकवावे, असा त्यांचा क्रम कित्येक दिवस चालला. आरंभी ह्या आश्रमाचा लाभ बहुतांशी ब्राह्मण विधवांसच मिळाला, ही उणीव चरित्रकाराने झाकून ठेवू नये.

आश्रमातील अनुभवाने त्यांस एक गोष्ट स्पष्ट दिसू लागली. मुलींस कॉलेजाचे दार बंद नव्हते; मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांस त्या बसू शकत होत्या. तथापि सर्व शिक्षण इंग्रजीतून चाले. जी स्त्री वयाच्या विसाव्या वर्षी धुळाक्षरे गिरविते, तिने आधी परकी भाषा पैलतीरास न्यावी आणि मग तीतून इतिहास वा शास्त्र शिकावे, हे घडावे कसे? बुद्धी उणी नसताही ती मागे राही, आणि दोष मात्र तिच्याच माथी येई. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात मेहकर-लोणारकडील ज्या मुलामुलींनी मराठी शाळेतून निघून महाविद्यालयात पहिल्याच वर्षी इंग्रजी व्याख्यानांपुढे माना खाली घातल्या आहेत, त्यांच्या पालकांस ह्या अडचणीचे मर्म निराळे सांगावयास नको.

अशा मनःस्थितीत त्यांच्या हाती जपानातील टोकियो येथील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली होती. प्रथम त्यांनी ती बाजूस ठेविली. १९१५ मध्ये मुंबईस भरावयाच्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांजकडे आले, तेव्हा त्यांस तिची आठवण झाली, आणि परिषदेपुढे त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ मध्ये विद्यापीठ सुरू झाले. विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्या. मात्र शिक्षणाची घडी नवी. सर्व विषय मातृभाषेतून शिकवावयाचे. इंग्रजी हा अवश्य विषय राहील, पण शिक्षणाचे माध्यम असणार नाही. गृहशास्त्र व आरोग्यशास्त्र ह्यांस अभ्यासक्रमात मानाचे स्थान मिळाले. ज्या स्त्रियांस घर सोडून येणे शक्य नव्हते, त्यांस घरी अभ्यास करून परीक्षेस बसण्याची मुभा दिली. पदव्यांची नावेही संस्कृत: गृहीतागमा आणि प्रदेयागमा.

टीका दोन्ही बाजूंनी झाली. कित्येक सुधारकांस वाटले की, स्त्रियांकरिता निराळा अभ्यासक्रम म्हणजे हलका अभ्यासक्रम. अशाने त्यांची पदवी कायमची दुय्यम ठरेल. हा आक्षेप पोकळ नव्हता. सरकारमान्यता नसल्यामुळे ह्या पदवीधर स्त्रियांस नोकरीच्या बाजारात खरोखरच अडचण सोसावी लागली. उलट महात्मा गांधींस मातृभाषेचे तत्त्व मान्य होते, पण इंग्रजी ऐच्छिक असावे असे त्यांचे मत पडले. कर्व्यांनी तेही स्वीकारले नाही. इंग्रजी अजिबात सोडल्यास आपल्या मुली मोठ्या जगास पारख्या होतील, हे ते जाणून होते. मला त्यांचा हा मध्यम मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो.

१९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनी आपल्या मातोश्री नाथीबाई ह्यांच्या स्मरणार्थ १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठास त्यांचे नाव मिळाले. तरीही कर्व्यांची भिक्षेची झोळी सुटली नाही. सत्तरी उलटल्यावर, १९२९ मध्ये, ते जगप्रवासास निघाले व युरोप, अमेरिका फिरून जपानातील ते विद्यापीठही पाहून आले. कायद्याने मान्यता मिळण्यास मात्र १९५१ साल उजाडावे लागले. तेव्हा संस्थापक ९३ वर्षांचे होते!

मधल्या काळात ते स्वस्थ बसले नव्हते. जेथे शाळाच नाही अशा खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी १९३६ मध्ये त्यांनी एक मंडळ स्थापिले, आणि आपल्या ७० रुपयांच्या पेन्शनीतून दरमहा १५ रुपये ते त्यास देत. जातिभेद मोडावा म्हणून १९४४ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, त्यांनी समता संघ काढला. आश्रमाच्या आरंभीची उणीव ह्या वृद्धास अखेरपर्यंत बोचत असावी, असे वाटते. १९५८ मध्ये, शंभरी भरली त्या वर्षी, त्यांस भारतरत्न हा किताब मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुणे येथे, १०४ वर्षांचे होऊन, ते निवर्तले.