जन्म मेलबर्नचा, मेडल ब्रिटनचं : बर्फावरचा वर्ल्ड चॅम्पियन फ्रेडी मॅकेव्हॉय

ऑस्ट्रेलियाला विंटर ऑलिंपिकमधलं पहिलं मेडल मिळालं ते १९९४ साली. पण त्याच्या ५८ वर्षं आधीच मेलबर्नमध्ये जन्मलेल्या एका माणसाने विंटर ऑलिंपिकचं मेडल जिंकलं होतं. फक्त ते मोजलं गेलं ब्रिटनच्या खात्यात.

हा माणूस म्हणजे फ्रेडी मॅकेव्हॉय.

त्याचा जन्म १९०७ चा. खेळ होता बॉबस्ले. म्हणजे बर्फाच्या वळणदार उतारावरून दोघांनी किंवा चौघांनी घसरगाडी पळवायची. पुढे बसलेला स्टिअरिंग सांभाळतो, सगळ्यात मागचा ब्रेक लावतो. वळणावर पुढच्याचा अंदाज चुकला, तर किंमत सगळेच मोजतात. ही पुढची जागा फ्रेडीची.

१९३६ चं विंटर ऑलिंपिक जर्मनीत गार्मिश-पार्टेनकिर्शनला झालं. उद्घाटनाला ब्रिटनचा झेंडा फ्रेडीच्या हातात होता. त्याच ऑलिंपिकमध्ये केनेथ केनेडी हा स्केटर ऑस्ट्रेलियाकडून एकटाच उतरला होता. चौघांच्या शर्यतीत पहिले दोन नंबर स्वित्झर्लंडच्या टीम्सनी नेले, ब्राँझ फ्रेडीच्या टीमला मिळालं.

खरी कमाल पुढे झाली. १९३७ मध्ये तो दोघांच्या आणि चौघांच्या, दोन्ही प्रकारांत वर्ल्ड चॅम्पियन झाला. १९३८ मध्ये चौघांचं गोल्ड पुन्हा त्याच्याच टीमने जिंकलं, तेही गार्मिशच्याच ट्रॅकवर.

हा खेळ किती जीवघेणा होता, हे १९३९ मध्ये दिसलं. कोर्टिनाच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये स्वित्झर्लंडच्या रेटो कापाद्रुटचा अपघाती मृत्यू झाला. तीन वर्षांपूर्वी गार्मिशला फ्रेडीच्या पुढे राहून सिल्व्हर जिंकणारा, तोच हा कापाद्रुट. कोर्टिनाला सिल्व्हर फ्रेडीच्या टीमला मिळालं.

मग महायुद्ध पेटलं, १९४० चं ऑलिंपिक रद्द झालं. ऑलिंपिक गोल्डची संधी गेली ती गेलीच. ब्रिटनलाही बॉबस्लेमधल्या पुढच्या ऑलिंपिक मेडलसाठी १९६४ पर्यंत थांबावं लागलं.

फ्रेडी कार रेसिंगही करायचा. हॉलिवूडचा स्टार एरॉल फ्लिन त्याचा जिगरी दोस्त. त्यामुळे आज त्याचं नाव निघतं ते बहुतेक वेळा पार्ट्या आणि ऐषारामाच्या किश्श्यांत. नोव्हेंबर १९५१ मध्ये मोरोक्कोच्या किनाऱ्याजवळ त्याची 'कांगारोआ' ही बोट फुटली. फ्रेडी आणि त्याची बायको, दोघंही त्यात गेले. तो तेव्हा ४४ वर्षांचा होता.

किस्से उरले, पण तीन वर्ल्ड टायटल्स मागे पडली. ऑस्ट्रेलियाच्या मेडल्सच्या यादीत तर तो कधी नव्हताच.