कमला सोहोनी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत घरोघरी मटकीची, पावट्याची उसळ होते. कोरेगावचा वाघ्या घेवडा तर प्रसिद्धच आहे. हे दाणे आपण रात्री भिजत घालतो आणि दुसऱ्या दिवशी चांगले शिजवतो. ते कच्चे का खात नाहीत? या प्रश्नामागचे रसायनशास्त्र ज्यांनी प्रयोगशाळेत तपासले, त्यांत कमला सोहोनी यांचे नाव मोठे आहे.

त्यांचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. माहेरचे आडनाव भागवत. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. दोघे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकले होते. प्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत या कमलाबाईंच्या भगिनी. १९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाल्या. त्यांनी बंगळूरच्या त्याच संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. तेव्हा नोबेल पारितोषिक मिळवलेले चंद्रशेखर वेंकट रामन तेथे संचालक होते. मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला.

कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. त्या थेट बंगळूरला गेल्या आणि नकाराचे कारण विचारू लागल्या. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिले वर्ष परीक्षेचे. मार्गदर्शकांनी सांगितले तर रात्रीही काम करायचे. संस्थेतील वातावरण बिघडू द्यायचे नाही. अटी अपमानाच्या होत्या. कमलाबाईंच्या मनाला ते फार लागले, तरी त्यांनी त्या स्वीकारल्या. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व डाळी यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षभराने रामन यांचे समाधान झाले आणि पुढे त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

नंतर त्या इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथे त्यांनी बटाट्यावर काम केले. बटाटाही श्वसन करतो, हे वाचून नवल वाटेल! वनस्पतीच्या पेशींत 'सायटोक्रोम सी' नावाचे प्रथिन असते, असे त्यांना आढळले. श्वसनाच्या कामात ते मदत करते. या कामाच्या शेवटी ऑक्सिजनचा हायड्रोजनशी संयोग होऊन पाणी तयार होते. आपल्या शरीरातही असेच घडते. त्यांचा प्रबंध अवघा ४० पानांचा होता. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

त्या लगेच मायदेशी परतल्या. दिल्ली आणि कुन्नूर येथे काम करून १९४७ साली, लग्नानंतर, त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. गरिबांच्या अन्नात पोषण किती, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. दूध आणि अंडी महाग. म्हणून कडधान्ये महत्त्वाची.

प्रथिन म्हणजे अमायनो आम्लांची लांब साखळी. ती तुटल्याशिवाय शरीराला उपयोगी पडत नाही. आतड्यात ट्रिप्सिन नावाचे विकर ही साखळी तोडते आणि तुटणाऱ्या प्रत्येक दुव्यामागे पाण्याचा एक रेणू खर्च होतो. वाल, पावटा यांच्या कच्च्या दाण्यांत मात्र ट्रिप्सिनला अडवणारे एक प्रथिन असते. कमलाबाईंनी सहकाऱ्यासह ते स्फटिकरूपात वेगळे केले. हे काम १९५५ साली प्रसिद्ध झाले. दाणे चांगले उकळले की उष्णतेने या अडवणाऱ्या प्रथिनाची घडी मोडते आणि ते बरेचसे निकामी होते.

राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचाही अभ्यास केला. नीरा म्हणजे ताडाच्या झाडाचा ताजा, न आंबलेला रस. त्यात 'क' जीवनसत्त्व आणि लोह असल्याचे त्यांना आढळले. कुपोषित आदिवासी मुलामुलींना व गरोदर स्त्रियांना ती दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांना उशिराच मिळाले. १९६९ साली त्या निवृत्त झाल्या. पुढेही ग्राहकांच्या संघटनेत त्या काम करत राहिल्या आणि रोजच्या अन्नाविषयी लोकांना कळेल अशा भाषेत लिहीत राहिल्या. १९९८ साली दिल्लीत त्यांचे निधन झाले.