चित्रकार गंगाराम तांबट

उत्तर पेशवाईच्या काळात पुण्यात गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट या नावाचे एक चित्रकार होऊन गेले. तांबट म्हणजे तांब्याची भांडी घडविणारा. गंगारामांनी मात्र हाती कुंचला धरला.

त्या वेळी चार्ल्स मॅलेट हे इंग्रजांचे वकील म्हणून पुण्यात राहत असत. गंगारामांचे कसब त्यांनी हेरले व त्यांच्याकडून चित्रे काढवून घेण्यास प्रारंभ केला. १७९० साली गंगारामांनी पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा रेखाटला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात वाघ आहेत, रानगवे आहेत. पण गेंडा तेथेही नाही. पुणेकरांना त्या प्राण्याचे केवढे नवल वाटले असेल!

पुढे जेम्स वेल्स हे स्कॉटिश चित्रकार पुण्यास आले. सवाई माधवराव पेशव्यांच्या आश्रयाने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली आणि गंगारामांना पाश्चात्य पद्धतीची ओळख झाली. छायाचित्रणाची कला तेव्हा जन्मास आली नव्हती. दूरच्या लेण्याचे रूप कोणास दाखवावयाचे, तर तेथे जाऊन ते हाताने उतरवून घेणे हाच मार्ग होता. गंगारामांनी वेरूळची लेणी अशीच कागदावर उतरविली.

कार्ल्याच्या लेण्यातील त्यांचे एक चित्र मनाला विशेष भिडते. त्यात त्यांनी आपल्या गुरूंना रेखाटले आहे आणि त्यांच्यासमवेत स्वतःलाही! ज्यांच्यासाठी चित्रे काढावयाची त्या धन्यांची नव्हे, तर आपल्या माणसाची आणि आपली स्वतःची ही आकृती आहे. सामान्य घरातील कारागिराने आपली छबी मागे ठेवावी, ही त्या काळी विरळा गोष्ट होती.

१७९५ साली ऑक्टोबरात सवाई माधवराव मृत्यू पावले. नोव्हेंबरात वेल्सही तापाने वारले. दोन वर्षांनी मॅलेट पुणे सोडून गेले. गंगारामांची चित्रेही त्यांच्यासंगे सातासमुद्रापार गेली. १७९९ साली मॅलेट यांचा वेरूळवरील लेख कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथात आला, त्याला गंगारामांच्या चित्रांची जोड होती. पुण्याला मात्र त्यांचा विसर पडला.

१८२८ साली शनिवारवाड्यास आग लागली व आतील महाल भस्मसात झाले. परदेशी गेलेली ती चित्रे बचावली. त्यांतील पुष्कळशी आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.