शालूतले नारायणराव

कामावर माणूस जे नेसतो त्यावरून तो कोण, हे ठरते का? बालगंधर्वांचे चरित्र वाचताना हा प्रश्न माझ्या मनातून जाईना.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि लुगडे हाच त्यांचा पोटापाण्याचा पोशाख झाला. शकुंतला, भामिनी, रुक्मिणी, सिंधू! १९१३ मध्ये स्वतःची गंधर्व नाटक मंडळी निघाल्यावर शालू, दागिने, अत्तरे यांवर पैसा पाण्यासारखा गेला. मंडळी कर्जात बुडाली. पदर कसा घ्यावा, नथ कशी शोभते, हे घरंदाज बायका या पुरुषाकडे पाहून शिकल्या.

१२ मार्च १९११ रोजी 'मानापमाना'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची मुलगी वारली. प्रयोग थांबला नाही. नारायणराव भामिनी होऊन उभे राहिले. त्या शालूच्या आत एक बाप आहे, याची प्रेक्षकांना काय कल्पना?

आता दुसरी बाजू. तेच लुगडे नेसून खरी बाई रंगमंचावर आली, तर समाज तिला नावे ठेवी. पुरुषाला कीर्ती, बाईला बदनामी! १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' नाटकात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक यांनी स्त्रियांच्या भूमिका केल्या, तेव्हा ही भिंत खचू लागली. १९३५ साली 'धर्मात्मा' चित्रपटात नारायणराव पुरुषवेषात, संत एकनाथ म्हणून दिसले. पण महाराष्ट्राने मनात जपली ती भामिनी आणि सिंधूच. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले.

माझी आई वसईच्या एका गाळ्यात कामाला जाते. साडी खराब होऊ नये म्हणून वरून वडिलांचा जुना शर्ट चढवते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझ्या फीचे पैसे त्या शर्टाच्या खिशातून येतात. तिच्या वेषाला कोणी कला म्हणत नाही, की तिकीट काढून पाहायला येत नाही.

नारायणरावांची थोरवी याने उणावत नाही. पण कपडा पुरुषाने बदलला की कौतुक आणि बाईने बदलला की कुजबुज, हा हिशेब मात्र आपल्या पिढीने तपासायला हवा. उद्या आपल्यापैकी कितीतरी मुली नोकरीला लागतील. त्यांच्या कामाकडे आधी पाहायचे की पदराकडे, हे आपणच ठरवायचे आहे.