बुरशीतून औषध शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग

शिळ्या पावावर हिरवी बुरशी येते. आई तो पाव लगेच उकिरड्यावर टाकते. पण तसल्याच एका बुरशीने लाखो माणसे वाचवली आहेत. ती बुरशी ज्यांनी ओळखली त्या फ्लेमिंग यांची माहिती मी लिहीत आहे.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमध्ये लॉकफील्ड नावाच्या शेतावर झाला. वडील शेतकरी होते. म्हणजे ते आपल्यासारखेच खेड्यातले! घरात आठ भावंडे. ते सात वर्षांचे असतानाच वडील वारले. पुढे ते लंडनला भावाकडे गेले आणि ४ वर्षे एका जहाज कंपनीत कारकून होते. नंतर एका नातेवाइकाचे थोडे पैसे वाट्याला आले, तेव्हा ते सेंट मेरीज रुग्णालयाच्या कॉलेजात डॉक्टरकी शिकले.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. फ्लेमिंग फ्रान्समध्ये जखमी सैनिकांना तपासत. गोळीने न मेलेले सैनिक जखमेत पू होऊन मरायचे. जखमेवर जालीम औषध ओतले तर अंगातल्या चांगल्या पेशीच मरायच्या, आणि खोल लपलेले जंतू जिवंत राहायचे. हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. तेव्हापासून माणसाला न दुखवता जंतू मारील असे काही मिळते का, हाच त्यांचा शोध.

आता एक गमतीची गोष्ट. १९२१ मध्ये त्यांना सर्दी झाली होती. त्यांनी आपला शेंबूड जंतूंच्या बशीत घातला, तर काही जंतू विरघळूनच गेले! तसे द्रव्य अश्रूंतही असते. मग ते अश्रू गोळा करू लागले. लोकांच्या डोळ्यांत लिंबाची साल पिळायचे. लोक कसे तयार व्हायचे कोण जाणे. पण त्या द्रव्याने भारी जंतू मरत नव्हते.

सप्टेंबर १९२८ मध्ये ते सुट्टीवरून परत आले. टेबलावर जंतूंच्या बश्यांचा ढीग तसाच पडला होता. त्यांना नीटनेटके राहायची सवय नव्हती. (हे मी बाईंना मुद्दाम सांगितले.) एका बशीत बुरशी आली होती आणि तिच्याभोवतीचे जंतू नाहीसे झाले होते. दुसऱ्या कोणी ती बशी धुऊन टाकली असती. त्यांनी ती बुरशी वाढवली. तिच्या रसाला १९२९ मध्ये पेनिसिलिन हे नाव दिले. जंतूभोवती एक भिंत असते. पेनिसिलिन ती नीट बांधू देत नाही, मग जंतू फुटतो. माणसाच्या पेशीला तशी भिंत नसते, म्हणून ती पेशी फुटत नाही.

पण रसातून शुद्ध औषध काढणे फ्लेमिंगना जमले नाही. ते ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि चेन यांनी केले. मे १९४० मध्ये त्यांनी ८ उंदरांना जंतू टोचले. चौघांनाच औषध दिले. सकाळपर्यंत बाकीचे चार मेले होते. १९४१ मध्ये एका पोलिसाला औषध दिले. तो बरा होत होता, पण औषधच संपले आणि तो वारला. मला याचे फार वाईट वाटले. १९४५ साली तिघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे १९५४ मध्ये पिंपरीला पेनिसिलिनसाठी सरकारी कंपनी निघाली.

माझी पणजी अजून आहे. ती लहान होती तेव्हा तिच्या थोरल्या भावाच्या पायात भाताच्या खाचरात काटा मोडला. पाय सुजला, ताप चढला आणि आठ दिवसांत तो गेला. तेव्हा गावात हे औषध नव्हतं. पणजी त्याचं नाव अजून घेते.

फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच सांगून ठेवले होते की औषध अर्धवट घेतले तर जंतू मरत नाहीत, उलट त्याला सरावतात. तसेच झाले. पुष्कळ जंतू आता पेनिसिलिनला जुमानत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञ नवी औषधे शोधतात, आणि अळंबीतही शोधतात. कारण अळंबी ही बुरशीचीच जात आहे, जमिनीत ओलीत जंतूंच्या मध्येच वाढते. १९५१ साली अमेरिकेत छत्रीच्या एका बुरशीतून प्ल्युरोम्युटिलिन नावाचे द्रव्य मिळाले. त्यापासून केलेल्या न्यूमोनियाच्या औषधाला २०१९ मध्ये परवानगी मिळाली. इतकी वर्षे लागतात!

माझे मामा गोरेगावला राहतात. तिथे १९६३ पासून सिबा कंपनीचे संशोधन केंद्र होते, झाडपाल्यातली औषधी द्रव्ये तपासायचे. पावसाळ्यात मामा मला आरेच्या बाजूला घेऊन गेले होते. कुजक्या लाकडावर पांढऱ्या छत्र्या उगवल्या होत्या. मामांनी हात लावू दिला नाही. खायची कोणती आणि विषारी कोणती हे जुन्या जाणत्या माणसांनाच कळते, आणि जंतू मारणारी कोणती हे त्यांनाही प्रयोगाशिवाय सांगता येत नाही.

फ्लेमिंग ११ मार्च १९५५ रोजी लंडनला वारले. सेंट पॉल चर्चमध्ये त्यांची समाधी आहे. ते मोठमोठ्या लोकांना आपल्या बुरशीचा वाळलेला तुकडा काचेत बसवून भेट देत असत.