दौलताबादचा हौद आणि बाबासाहेबांची धम्मयात्रा

सुट्ट्या लागल्या की आपल्या समाजातील नोकरदार मंडळी आता श्रीलंका, थायलंडच्या सहलीला निघतात. विहार पाहतात, बुद्धमूर्तीसमोर फोटो काढतात. आम्हाला आनंदच आहे; ही ऐपत बाबासाहेबांमुळे आली. पण खुद्द बाबासाहेब बुद्धाची ठिकाणे पाहायला कसे गेले, हे या मंडळींना ठाऊक असावे.

1934 साली चळवळीतील सहकाऱ्यांनी सहलीचा आग्रह धरला. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरले. तीसेक माणसे, एक बस, एक-दोन मोटारी. नाशिकहून येवलामार्गे मंडळी औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे निघाली. हा मुलूख तेव्हा निजामाचा. कार्यक्रम मुद्दामच जाहीर केला नव्हता. महाडच्या सत्याग्रहाला 7 वर्षे झाली होती, बाबासाहेब गोलमेज परिषद गाजवून आले होते. तरी आडमार्गावर अस्पृश्य प्रवाशाचे काय होते, हे त्यांना पुरते माहीत होते.

दौलताबादच्या वेशीवर आपले लोक चहा-फराळासाठी थांबले होते. अंधार पडायच्या आत किल्ला पाहावा म्हणून चहा परतीवर ठेवला. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेला हौद होता. धुळीने माखलेल्या काही जणांनी तोंड-पाय धुतले. रमजानचे दिवस होते. पाठीमागून पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध ओरडत आला, की हौद बाटवला! गर्दी जमली, शिवीगाळ सुरू झाली. आपण परगावचे, इथली रीत ठाऊक नाही, असे सांगितल्यावर सगळा राग मागून पोचलेल्या स्थानिक बांधवांवर उलटला. त्या बिचाऱ्यांचा काय दोष? शेवटी बाबासाहेबांनी संतापून विचारले की अस्पृश्य मुसलमान झाला तरी त्याला हे पाणी तोडणार काय. गर्दी गप्प झाली. मग कागदावर नाव लिहून आत पाठवले. परवानगी आली, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही, या अटीवर. सोबतीला हत्यारबंद शिपाई दिला.

हा प्रसंग आज काही जण एकाच धर्माविरुद्ध वापरतात. बाबासाहेबांच्या त्याच लेखनात बडोद्याची पारशी सराई आहे आणि लहानग्या भीमाला प्रवासात पाणी न देणारे हिंदूही आहेत. हे भाग मात्र कोणी वाचून दाखवत नाही!

पुढच्याच वर्षी, 13 ऑक्टोबर 1935 रोजी, त्याच येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. आणि संविधानाच्या कलम 15 च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट नाव घेऊन आले आहेत. वकिली करताना हे कलम उघडले की आम्हाला दौलताबादचा हौद दिसतो.

मे 1950 मध्ये कायदामंत्री असताना ते माईसाहेबांसह सिलोनला गेले. कँडीत बौद्ध परिषद होती. तिथले विधी-संस्कार कसे चालतात, धम्म लोकांच्या जगण्यात आहे की नुसता पोथीत, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. कोलंबोत त्यांनी तिथल्या अस्पृश्यांनाही बौद्ध होण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी औरंगाबादेत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले. भदन्त नागसेनांना प्रश्न विचारणाऱ्या ग्रीक राजाचे, मिलिंदाचे नाव त्याला मिळाले आणि परिसर नागसेनवन झाला. ज्या रस्त्यावर आपल्याला पाणी तोडले होते, त्याच भागात आपली पोरे पदवीधर होऊ लागली.

1954 साली ते दोनदा ब्रह्मदेशात गेले. 25 डिसेंबरला रंगूनहून आलेली बुद्धमूर्ती त्यांनी देहूरोडला बसवली.

नागपूरच्या दीक्षेनंतर महिनाभराने, नोव्हेंबर 1956 मध्ये, ते काठमांडूच्या परिषदेला गेले. मधुमेहाने शरीर पोखरले होते, पाय साथ देत नव्हते. तरी परतताना सारनाथ पाहिले. तथागतांचे महापरिनिर्वाण झाले ती कुशीनाराही पाहिली. 30 नोव्हेंबरला दिल्ली गाठली. 6 डिसेंबरला ते गेले.

वेरूळला निघणाऱ्या वाचकांना आमची एवढीच विनंती, की दौलताबादच्या दरवाजापाशी गाडी पाच मिनिटे थांबवावी. सोबत मुले असतील तर हौदाची गोष्ट तिथेच सांगावी.